औषध आणि त्याचे वाहन

जुन्या काळचे वैद्य रोग्याच्या हातावर पुडी ठेवीत आणि लगेच एक वाक्य जोडीत. मधातून घ्या, कोमट पाण्याबरोबर घ्या, तुपात खलून घ्या, अशा प्रकारचे ते वाक्य असे. या जोडीच्या वस्तूला वैद्यकात अनुपान म्हणतात. पुडीत काय आहे हे वैद्य पुष्कळदा सांगत नसत. अनुपान मात्र दोनदा बजावीत, आणि घरातील वडीलधारी बाई ते तिसऱ्यांदा बजावी. आज परिस्थिती नेमकी उलट झाली आहे. औषधाचे नाव चिठ्ठीवर असते, वेष्टनावर असते, शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही ठाऊक असते. परंतु ते औषध कशात विरघळविले आहे, कशावर बसून ते आपल्या रक्तापर्यंत जाणार आहे, हा प्रश्न कोणाच्या मनातही येत नाही. ही उदासीनता आपल्या मुलखाला यापुढे परवडणारी नाही असे आमचे स्पष्ट मत आहे, आणि ते मांडण्यासाठी हा लेखप्रपंच.

आम्ही कला शाखेचे पदवीधर. शाळेत भाषा शिकवितो. तेव्हा रसायनशास्त्राच्या प्रांतात शिरण्याचा अधिकार यांना कोणी दिला, असे एखादा चौकस विद्यार्थी विचारील. त्याला आमचे उत्तर असे, की औषध पिण्यास जर शास्त्राची पदवी लागत नाही, तर त्याविषयी विचार करण्यासही ती लागू नये.

२०२५ सालच्या सप्टेंबर-ऑक्टोबर महिन्यांत आपल्या शेजारी जे घडले ते बोरगावच्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. छिंदवाडा जिल्ह्यातील परासिया भागातील लहान लहान मुलांना साधे पडसे आणि ताप आला होता. त्यांना खोकल्याचे गोड पातळ औषध देण्यात आले. काही दिवसांत त्यांची लघवी बंद झाली, मूत्रपिंडे निकामी झाली, आणि आईबाप त्यांना घेऊन नागपूरच्या रुग्णालयांकडे धावले. आजारपणात आपल्या सर्वांची धाव जिकडे असते, तिकडेच. छिंदवाडा, पांढुर्णा आणि बैतूल या तीन जिल्ह्यांतील वीसहून अधिक मुले दगावली. तमिळनाडूतील सरकारी प्रयोगशाळेने त्या औषधाची तपासणी केली, तेव्हा त्यात डायएथिलीन ग्लायकॉल नावाचे विष ४८.६ टक्के आढळले. कायद्याने ते ०.१ टक्क्याच्या वर असता कामा नये.

आता येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. या औषधात तापावरचे म्हणून जे द्रव्य होते, ते पॅरासिटामॉल. ते कोट्यवधी लोक गोळीच्या रूपाने घेतात. मग विष आले कोठून? ते आले वाहनातून. लहान मूल गोळी गिळू शकत नाही, म्हणून त्याला पातळ औषध हवे. परंतु पॅरासिटामॉल थंड पाण्यात फारच थोडे विरघळते. एका चमच्यात जेवढे मावावयास हवे तेवढे नुसत्या पाण्यात राहत नाही. यासाठी प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन यांसारखे दाट, गोडसर द्रव मिसळावे लागतात. हे द्रव औषधाच्या शुद्धतेचे असतील तर त्यांपासून भय नाही. पण त्यांचा एक चुलतभाऊ आहे. तो दिसायला तसाच, चवीला तसाच गोड, भावाला स्वस्त, आणि कारखान्यांतील यंत्रांच्या कामाचा. तोच हा डायएथिलीन ग्लायकॉल. औषध निर्दोष होते. ज्या पालखीत बसवून ते धाडले ती पालखी विषारी होती.

हा प्रकार जगात प्रथमच घडला असता तर त्याला दुर्दैव म्हणून गप्प बसता आले असते. १९३७ साली अमेरिकेत हेच घडले होते. सल्फानिलामाइड हे त्या वेळचे नवे, गुणकारी औषध. गोळीच्या व भुकटीच्या रूपाने ते उत्तम चालत होते. पण लोकांनी पातळ औषध मागितले, आणि ते पाण्यात विरघळेना. तेव्हा एका कारखान्याच्या रसायनतज्ज्ञाने ते डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळविले. चव पाहिली, रंग पाहिला, वास पाहिला. विषारी आहे की नाही एवढे तेवढे पाहिले नाही. शंभराहून अधिक माणसे मेली, त्यांत पुष्कळ मुले होती, आणि १९३८ साली अमेरिकेला आपला औषधांचा कायदा नव्याने करावा लागला. आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ साली ग्लिसरीनमधील याच भेसळीने १४ रोगी दगावले, व न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची कसून चौकशी केली. तेथे ग्लिसरीन हे वाहन नव्हते, औषध म्हणूनच दिले जात होते, एवढा फरक. १९३७, १९८६ आणि २०२५ ही तीन साले विद्यार्थ्यांनी पानिपतच्या सालाप्रमाणे पाठ करावीत असे आम्हांस वाटते.

परंतु नुसत्या दोषारोपाने प्रश्न सुटत नाही. मूळ अडचण निसर्गाचीच आहे. आपले शरीर हे मुख्यतः पाणी. रक्त वाहते तेही पाण्याच्याच आधारे. आणि औषधांचे रेणू मात्र बहुधा तेलकट स्वभावाचे असतात. तसे नसतील तर त्यांना पेशीच्या स्निग्ध पडद्यातून आत शिरताच येणार नाही. म्हणजे आत जाण्यासाठी तेलाची ओढ हवी, आणि तेथवर पोहोचण्यासाठी पाण्याशी मैत्री हवी. दोन सवतींची मर्जी एकाच वेळी सांभाळण्यासारखे हे काम आहे. प्रयोगशाळांत शोधून काढलेले कितीतरी उत्तम रेणू केवळ पाण्यात विरघळत नाहीत म्हणून बाटलीतच पडून राहतात.

यावर निसर्गाने स्वतःच एक उपाय योजून ठेवला आहे, आणि आपल्या मुलखातील कोणत्याही शेतकऱ्याच्या मुलाने त्याची झलक पाहिलेली आहे. संत्र्याच्या बागेत फवारणी करताना बाटलीतील तेलकट, पिवळट औषध पिंपातील पाण्यात ओततात. त्याबरोबर ते सारे पाणी दुधासारखे पांढरे होते. औषध पाण्यात विरघळलेले नसते. त्याचे अतिसूक्ष्म थेंब होऊन ते पाण्यात तरंगत असतात, आणि प्रकाश त्या थेंबांवरून विखुरतो म्हणून पाणी पांढरे दिसते. आम्हां कोकणी माणसांच्या घरी नारळाचा रस काढतात तोही याच जातीचा. सोलकढीचे पातेले दुपारपर्यंत तसेच ठेवले तर वर दाट थर आणि खाली पाणी असे दोन भाग पडतात, हे आमच्याकडील प्रत्येक पोराला ठाऊक असते. ढवळून, घुसळून, जबरदस्तीने केलेला हा संग फार काळ टिकत नाही.

परंतु काही द्रव्ये अशी आहेत, की त्यांना घुसळावे लागत नाही. ती आपण होऊन जुळतात. रिठ्याचे उदाहरण घ्या, साबणाचे घ्या. साबणाच्या रेणूला एक डोके असते व एक लांब शेपटी असते. डोक्याला पाणी प्रिय, शेपटीला पाण्याचा तिटकारा. असे पुष्कळ रेणू पाण्यात एकत्र आले, की ते गोल करून बसतात. डोकी बाहेर पाण्याकडे, शेपट्या आत. रानात वाघाचा वास आला की म्हशींचा कळप वासरांना मध्ये घेऊन शिंगे बाहेर करून उभा राहतो, असे गुराखी सांगतात. त्याचे हे चिमुकले रूप समजावे. दहावीच्या विज्ञानात साबणाच्या या गोलाचे चित्र आहे व त्याला मायसेल असे नाव दिलेले आहे. फरक इतकाच की म्हशींना भय कळते, रेणूंना काही कळत नाही. पाण्याचे रेणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात, की शेपट्यांना त्यांच्यात जागाच मिळत नाही. त्या आपोआप एकीकडे लोटल्या जातात. या व्यवस्थेला सुतार लागत नाही, गवंडी लागत नाही. शास्त्रज्ञ तिला स्वयंरचना म्हणतात, आणि भाषेचे शिक्षक या नात्याने आम्ही या शब्दास पसंतीचे गुण देतो.

गोलाच्या आतील त्या तेलकट जागेत पाण्याला न मानणारे औषध बसविले, की ते बाहेरून पाण्याचे मित्र दिसते आणि रक्तातून सुखेनैव प्रवास करते. हीच या विषयाची किल्ली. हे कण किती लहान? एका मीटरचे शंभर कोटी भाग केले तर त्यांतील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. मराठीत त्याला अब्जांश म्हणतात. औषधे वाहणारे कण साधारणतः दहापासून दोनतीनशे नॅनोमीटरपर्यंतचे असतात. माणसाचा केस सुमारे ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो. आणि यात परके असे काहीच नाही. गाईच्या दुधातील केसीन हे प्रथिन अशाच स्वयंरचित गोलांच्या रूपाने असते आणि कॅल्शियम वासरापर्यंत पोहोचवते. आपल्या पोटात पित्तरसातील क्षार स्निग्ध पदार्थांचे असेच गोल बांधतात. ते नसते तर तुपातील जीवनसत्त्वे आपल्या अंगी लागलीच नसती. अनुपान म्हणून तूप आणि दूध सांगणाऱ्या वैद्यांना रेणूंची माहिती नव्हती; अनुभव मात्र होता.

आता एका औषधाची हकीकत विस्ताराने सांगतो, कारण तिचा शेवट आपल्या अगदी जवळ, वर्ध्याला येऊन ठेपतो.

दक्षिण अमेरिकेतील व्हेनेझुएला देशात ओरिनोको नावाची मोठी नदी आहे. तिच्या काठच्या मातीतील एका सूक्ष्मजंतूपासून १९५० नंतरच्या दशकात अमेरिकन संशोधकांनी बुरशीचा नाश करणारे एक द्रव्य मिळविले. ते आम्लाशीही वागते आणि अल्कलीशीही, म्हणून त्याला 'दोहोंकडचे' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ॲम्फोटेरिसिन असे नाव पडले. गंमत अशी, की दोहोंकडचे म्हणविणारे हे द्रव्य साध्या पाण्यात मात्र जवळजवळ विरघळतच नाही. तेव्हा शास्त्रज्ञांनी पित्तातील एका क्षाराची मदत घेतली आणि त्याच्या गोलांत हे औषध बसवून शिरेतून दिले. प्राण वाचू लागले. पण ते वाहन फार धसमुसळे निघाले. रक्तात शिरताच ते औषध सोडून देई. रोग्याला हुडहुडी भरे, ताप चढे, आणि मूत्रपिंडांवर घाला पडे. याचे कारण असे, की हे औषध बुरशीच्या पडद्यातील एका स्निग्ध द्रव्याला चिकटून त्या पडद्याला भोके पाडते, आणि माणसाच्या पेशींतील कोलेस्टेरॉल हे त्या द्रव्याचे जवळचे नातलग आहे. शत्रू समजून घरच्याच माणसावर हात टाकावा तसे होई.

इकडे इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळ बॅब्रहॅम येथे ॲलेक बँगहॅम नावाचे शास्त्रज्ञ १९६० नंतरच्या वर्षांत पेशींच्या पडद्यांतील स्निग्ध रेणूंचा अभ्यास करीत होते. या रेणूंना एका डोक्याच्या जोडीला दोन शेपट्या असतात. म्हणून ते पाण्यात भिजले की नुसता गोल न करता दुहेरी पडद्याची बंद पिशवी करतात. या पिशवीला लायपोसोम म्हणतात. बँगहॅम यांना औषधे वाहावयाची नव्हती. त्यांना पडदा समजून घ्यावयाचा होता. पुढे इतर शास्त्रज्ञांनी ॲम्फोटेरिसिन या पिशवीच्या पडद्यातच बसविले. औषध त्यात इतके घट्ट राहू लागले, की बुरशी भेटेपर्यंत ते सुटेना, आणि मूत्रपिंडांचा त्रास पुष्कळ कमी झाला. शंभर नॅनोमीटरपेक्षाही लहान पिशव्यांचे हे औषध १९९० पासून युरोपात मिळू लागले. ते फार महाग होते.

भारतात ही विद्या आणण्याच्या कामात मुंबईचा वाटा आहे, हे मराठी वाचकांना अभिमानाने सांगण्यासारखे आहे. दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक बिमल कुमार बच्छावत आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी देशी लायपोसोममधील ॲम्फोटेरिसिन सिद्ध करून रोग्यांवर त्याची पद्धतशीर पारख केली, आणि पुढे ते बाजारात आले. या देशी औषधाची एक विशेष रीत आहे. ते देण्यापूर्वी त्याची कुपी पाऊण तास विशिष्ट ध्वनिलहरींत ठेवावी लागते, म्हणजे पिशव्या योग्य आकाराच्या होतात. परदेशी लायपोसोमची रीत निराळी: ते साखरेच्या सलाइनमध्येच मिसळावे लागते, मिठाच्या सलाइनमध्ये घातले तर ते फाटते. औषध एकच, वाहने दोन आणि दोघांचे स्वभाव दोन. ज्या परिचारिकेला हे ठाऊक नाही तिच्या हातून औषध वाया जाईल, आणि तो दोष तिचा नसून तिला न शिकविणाऱ्यांचा असेल.

मग आले २०२१ साल. करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर ज्यांना मधुमेह होता, ज्यांना स्टेरॉइडे दिली गेली होती, अशा अनेकांना म्युकरमायकोसिस या रोगाने गाठले. लोक त्याला काळी बुरशी म्हणू लागले. नागपूर व सारा विदर्भ या रोगाने हादरला. कोणाचा डोळा काढावा लागला, कोणाचा जबडा. त्यावर मुख्य औषध लायपोसोममधील ॲम्फोटेरिसिन, आणि तेच मिळेना. विद्यार्थ्यांनी येथे थोडे गणित करावे. शरीराच्या प्रत्येक किलोला रोज ५ मिलिग्रॅम हे त्याचे प्रमाण. रोगी ६० किलो वजनाचा असेल तर दिवसाला ३०० मिलिग्रॅम. एका कुपीत ५० मिलिग्रॅम. म्हणजे रोज सहा कुप्या, आणि उपचार कित्येक आठवडे. एक कुपी तेव्हा बाजारात सुमारे ७००० रुपयांना मिळे, आणि तीही मिळाली तर. दिवसाचे ४२,००० रुपये झाले. जुने, पित्तक्षारातील औषध कितीतरी स्वस्त होते. परंतु ज्याची मूत्रपिंडे मधुमेहाने आधीच थकलेली, त्याला ते देताना डॉक्टरांचाही हात कापे. द्रव्य तेच, बुरशीही तीच, केवळ वाहनाच्या फरकाने एक इलाज गरिबाच्या आवाक्याबाहेर आणि दुसरा त्याच्या मूत्रपिंडांच्या सोसण्याबाहेर, असा तो पेच होता.

अशा वेळी, मे २०२१ च्या अखेरीस, वर्ध्याच्या एका औषध कारखान्याने ॲम्फोटेरिसिन बी निराळ्या वाहनात, म्हणजे स्निग्ध थेंबांच्या दुधाळ मिश्रणात तयार करण्यास आरंभ केला. किंमत जाहीर झाली ती १२०० रुपये. वरचेच गणित पुन्हा करा: दिवसाचे ७२०० रुपये. गरिबाला तेही डोईजड, हे खरे. पण ४२,००० आणि ७२०० यांत एखाद्याची शेतजमीन वाचते. हा कारखाना मुंबईत नव्हता, हैदराबादेत नव्हता. आपल्यापासून नागपूर ओलांडले की जो जिल्हा लागतो त्या जिल्ह्यात होता.

कर्करोगाच्या औषधाची गोष्ट याच वळणाची आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. पॅक्लिटॅक्सेल हे औषध एका वृक्षाच्या सालीतून मिळाले. तेही पाण्याशी फटकून वागणारे. ते विरघळविण्यासाठी एरंडेलावर प्रक्रिया करून केलेला द्रव व मद्यार्क वापरीत, आणि त्या द्रवानेच काही रोग्यांना प्राणघातक ॲलर्जी होई. पुढे ते औषध रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाच्या सुमारे १३० नॅनोमीटरच्या कणांवर बसविण्यात आले आणि २००५ साली अमेरिकेत मान्य झाले. कोरियात त्याचे स्वयंरचित गोल २००७ पासून वापरात आले. त्याच वर्षी आपल्या देशातही एका कंपनीने तशाच जातीचे औषध आणले. एरंड बांधावर उगवतो म्हणून त्याचे तेल शिरेतही निर्धोक असेल, असे मानून चालत नाही.

येथवर वाचून कोणास वाटेल, की आम्ही या सूक्ष्म कणांचे भाट झालो आहोत. तसे नाही. सध्या बाजारात नॅनो या शब्दाला भलतीच बरकत आली आहे. मलमावर नॅनो, दंतमंजनावर नॅनो, हळदीच्या थेंबांवर नॅनो. हळदीतील पिवळे द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, हे खरे. म्हणूनच आपण ते पिढ्यान् पिढ्या भाजीत मुक्त हस्ताने घालीत आलो आणि त्याने कोणाचे काही बिघडले नाही. परंतु हेच द्रव्य अधिक शोषले जावे अशा युक्त्या करून ज्या गोळ्या विकल्या जातात, त्यांनी काही लोकांच्या यकृतास इजा झाल्याच्या नोंदी परदेशांत झाल्या आहेत. वाहन बदलले की जुने, ओळखीचे द्रव्य अनोळखी होते. हे सूक्ष्म कण शरीरात गेल्यावर पुष्कळसे यकृतात आणि प्लीहेत जाऊन बसतात; बुरशीच्या काही रोगांत ते सोयीचे ठरते, इतरत्र ठरेलच असे नाही. म्हणून नव्या वाहनाची परीक्षा नव्या औषधाइतकीच कडक झाली पाहिजे, आणि जुन्या वाहनाची परीक्षा प्रत्येक पिंपागणिक झाली पाहिजे. २०२५ साली ज्या मुलांचे प्राण गेले ते कोणत्याही नवीन तंत्राने गेले नाहीत. आलेल्या पिंपात काय आहे, हे औषध करण्यापूर्वी तपासून पाहिले असते तर ती मुले आज शाळेत असती. ही तपासणी अवघड नाही. ती करणारी माणसे थोडी आहेत, आणि करावयास लावणारी त्याहून थोडी.

माणसांची गोष्ट निघाली आहे म्हणून बोलतो. आमचे विद्यार्थी बारावीनंतर नागपूरला जातात. ज्याला चांगले गुण त्याला डॉक्टर व्हावयाचे असते, आणि ज्याला ते जमत नाही तो औषधनिर्माणशास्त्राकडे वळतो. वळतो म्हणजे त्याचे आईबाप त्याला वळवितात, आणि ते कशासाठी, तर सौंसरच्या किंवा पांढुर्ण्याच्या बाजारात दुकान घालता यावे म्हणून. दुकान घालण्यात कमीपणा काहीच नाही. परंतु या विद्येचा दुसरा दरवाजा कोणी त्या मुलांना दाखवीतच नाही. मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था, जी १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा एक विभाग म्हणून सुरू झाली, तेथे अशा सूक्ष्म वाहनांवर वर्षानुवर्षे संशोधन चालत आले आहे. बोरगावच्या औद्योगिक वसाहतीत कापडाची मोठी गिरणी आहे. पॉलिएस्टरला चढणारे रंग पाण्यात जवळपास विरघळत नाहीत, त्यांना पाण्यात तरते ठेवणारी द्रव्ये निराळी घालावी लागतात, आणि ते काम करणारी माणसे आपल्याच गावात राहतात. संत्र्यावरील फवाऱ्याचे, कापडाच्या रंगाचे आणि मरणाच्या दारातील रोग्याच्या कुपीचे शास्त्र मुळात एकच आहे, हे आमच्या मुलांना कोणी सांगितले तर त्यांतील एखादे मूल तरी दुकानाच्या फळीपलीकडे पाहील. डॉक्टर एका वेळी एक रोगी पाहतो. वर्ध्याच्या त्या कारखान्यात कुप्या भरणाऱ्यांनी किती घरे पाहिली, याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

आमच्या विज्ञानाच्या सहकाऱ्यांस एक सूचना करावीशी वाटते. शाळेच्या प्रयोगकक्षात याचा आरंभ करण्यास पैसा लागत नाही. एका पेल्यात साधे पाणी, दुसऱ्यात रिठ्याचे पाणी घ्यावे. दोहोंत हळद घालून ढवळावे, फडक्याने गाळावे आणि कोणत्या पेल्यात पिवळेपणा अधिक राहतो ते पाहावे. तिसऱ्या पेल्यात पाण्यात दुधाचे दोन थेंब टाकून अंधाऱ्या खोलीत बाजूने विजेरीचा झोत सोडावा. साध्या पाण्यात न दिसणारी प्रकाशाची वाट त्यात दिसू लागेल. जे कण डोळ्यांना कधीच दिसणार नाहीत, त्यांची ही सावली. नववी-दहावीच्या मुलांनी ती पाहून आपल्या वहीत स्वतःच्या शब्दांत लिहावी. भाषा आम्ही तपासून देऊ.

आणि ज्या घरांत हा अंक जाईल त्या घरांतील वडीलधाऱ्यांस एक विनंती. लहान मुलासाठी पातळ औषध आणाल तेव्हा पावती मागून घ्या, आणि औषध संपले तरी बाटली महिनाभर टाकू नका. बाटलीवर बारीक अक्षरांत तुकडीचा क्रमांक असतो. २०२५ च्या त्या औषधाचा उरलेला साठा दुकानांतून शोधून काढताना सरकारच्या हाती जो धागा होता, तो त्या क्रमांकाचाच होता.